मदत हवी आहे: रोझा वनच्या जोडीला कोणता फाँट?

नमस्कार मंडळी, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला रोझा वन घेतलाय. इंडियन टाइप फाउंड्रीचा, गूगल फाँट्सवर फुकट मिळतो तोच. भरदार जाड दांडे, केसाएवढ्या बारीक रेघा. बोदोनी-दिदो घराण्यातल्या रोमन अक्षरांचा थाट देवनागरीत. अंकाचं नाव ९० पॉइंटात लावलं की काय रुबाब येतो, विचारू नका!

अडचण आहे लेखकांच्या नावांची. ती १४ पॉइंटात, गडद किरमिजीवर पांढरी हवीत. ऑफसेट छपाईत हा किरमिजी चार रंगांच्या शाया एकावर एक छापून येणार. रजिस्ट्रेशन, म्हणजे चारही रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं, जरा हललं किंवा शाई पसरली की बारीक रेघा भरून जातात. प्रूफवर मात्रा आणि रफार अर्धे गायब! फाँटला वजनही, म्हणजे अक्षरांच्या जाडीचा प्रकारही, एकच, त्यामुळे दुसरं काही लावून बघायची सोय नाही. प्रेसवाले म्हणतात, अक्षरांना पांढरी आउटलाइन द्या. मला नाही पटत. जाड-बारीकचा खेळच गेला तर हा फाँट घ्यायचा कशाला?

नावांसाठी मुक्ता लावून पाहिला. वाचायला स्वच्छ, पण रोझाशेजारी फारच साधा दिसतो. कमी कॉन्ट्रास्टचा, म्हणजे जाड-बारीकमधला फरक कमी असलेला, तरी थोडा नखरा असलेला फाँट सुचवाल का? आणि किरमिजी एकाच स्पॉट रंगात, म्हणजे आधीच मिसळलेल्या एका शाईत, छापला तर १४ पॉइंट निभावेल का? कुणी करून पाहिलं असेल तर प्लीज सांगा, फाइल लवकरच प्रेसला द्यायची आहे.