पोरांचं (आणि आपलं) पहिलं लायसन: ऑनलाइन ड्रायव्हर एडचे (गाडी शिकायच्या कोर्सचे) अनुभव लिहा

झिम्मा:

लेक गेल्या सप्टेंबरात १५ ची झाली आणि तोंडात केकचा घास असतानाच "आई, पर्मिट" (म्हणजे लर्नर लायसन) सुरू झालं. आम्ही टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेला. इथे गाडी नसेल तर कोपऱ्यावर दूध आणायची सोय नाही कारण कोपराच तीन मैलांवर आहे. ड्रायव्हिंग स्कूलचे आकडे ऐकून नवऱ्याने भुवया वर केल्या, मग मैत्रिणीने सांगितलं की इथे आईबापांनीच शिकवायचा अधिकृत मार्ग आहे, राज्याच्या लायसनिंग खात्याकडे २० डॉलर भरून पालकांसाठीचं गाइड मागवायचं, थिअरी ऑनलाइन कोर्सने करायची आणि गाडी आपण शिकवायची. थिअरीचे २४ तास. गाडीचे एकूण ४४, म्हणजे ७ तास शिकवणी, ७ तास शेजारी किंवा मागे बसून निरीक्षण आणि ३० तास सराव, त्यातले १० रात्रीचे. थिअरीचे पहिले ६ तास झाले की लर्नरची परीक्षा देता येते, सगळं संपेपर्यंत थांबावं लागत नाही.

मला वाटलं चोवीस तास काय, एका शनिवार-रविवारात उरकेल. कसलं काय! एका दिवसात दोनच तास धरतात आणि प्रत्येक पानाला घड्याळ लावलेलं. वाचून झालं तरी पान पुढे सरकत नाही, बस बघत. मधेच खरंच तूच बसलीयेस ना हे तपासायला प्रश्न येतात. लेकीने नोंदणी करताना पहिल्या शाळेचं नाव म्हणून कोथरूडच्या बालवाडीचं नाव टाकलेलं, इंग्रजी स्पेलिंग काय केलं होतं ते तिलाच आठवेना. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा एक ए कमी करून बघितला तेव्हा आत घेतलं.

पण खरी गंमत वेगळीच. ती वाचायची आणि मी शेजारी भाजी निवडत ऐकायचे. एका संध्याकाळी ती म्हणाली, आई, समोरून येणारी स्कूलबस थांबली आणि मधे फक्त डावीकडे वळायची लेन असेल तर आपण थांबायचं की जायचं? मी ठसक्यात म्हटलं, जायचं, मधे लेन आहे ना. चूक. मधे कठडा किंवा दुभाजक असेल तरच जाता येतं, नुसती वळायची लेन असेल तर थांबायचंच. मी इथे अकरा वर्षं गाडी चालवतेय हो!

तर तुमचे अनुभव लिहा. मुलांचे, स्वतःचे, कुठल्याही राज्यातले. विशेषतः रात्रीचे १० तास कसे भरलेत ते सांगा. इथे जूनमध्ये साडेआठनंतर अंधार पडतो, त्यामुळे आमच्याकडे रोज रात्री नऊला कढीपत्ता संपतो.

अर्धा_चहा:

मीपण टेक्सासच, पण एमएसवाला. आलो तेव्हा २३ चा होतो. इथे १८ ते २४ वयात पहिलं लायसन काढायचं तर ६ तासांचा अॅडल्ट कोर्स लागतोच, २५ पूर्ण असतील तर सक्ती नाही. आमच्या फ्लॅटमध्ये चौघं, दोघं पंचविशीच्या वरचे, ते थेट परीक्षेला गेले आणि मी खोलीत कानाला हेडफोन लावून "स्टॉप साइनला किती कोन असतात" शिकत बसलो. सांगलीत आठवीपासून बाबांची बजाज एम-८० चालवलेला माणूस मी, मला काय शिकवणार हे लोक, असा माज होता.

म्हणून काय केलं, टॅब चालू ठेवला आणि कांदा चिरला. घड्याळ संपलं की नेक्स्ट, परत कांदा. सहा तासांत तीन दिवसांची भाजी झाली. लेखी परीक्षा त्या कोर्समध्येच होती तीपण पास.

रोड टेस्टला गेलो. पॅरलल पार्किंग एकदम झक्कास झालं, परीक्षक बाई काही बोलल्या नाहीत पण मला कळलं ना. परत येताना एका गल्लीत स्टॉप साइन, कोणी नाही, चिटपाखरू नाही, मी गाडी हळू केली, चाकं फिरतच होती, आणि गेलो. नापास. त्या म्हणाल्या तुम्ही थांबला नाहीत. मी म्हटलं थांबलो ना. त्या म्हणाल्या, हळू झालात. हे वाक्य कोर्समध्ये अगदी असंच्या असं होतं म्हणे, रूममेटने नंतर दाखवलं. मी तेव्हा बहुतेक टोमॅटोवर होतो.

रोड टेस्टच्या आधी राज्याचा एक तासाचा व्हिडिओपण बघावा लागतो, गाडी चालवताना फोन बघण्यावरचा. त्यात खऱ्या अपघातांतली माणसं बोलतात. तो मात्र मी काही न चिरता बघितला.

गच्चीवरचा:

ऑनलाइन शिकून कोणाला पोहता येतं का? घड्याळ लावून बसवायचं आणि सर्टिफिकेट द्यायचं, हा नुसता धंदा आहे.

झिम्मा:

@गच्चीवरचा, पाण्यात उतरायचे ४४ तास वेगळे आहेत, वर लिहिलंय. धागा वाचा, घड्याळ नाही लावलेलं.

काकूबाई:

आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरिया. इथे पालकांनी शिकवून भागत नाही. साडेपंधराला पर्मिट मिळतं पण त्याआधी ड्रायव्हर एड हवं, ऑनलाइन चालतं, शिवाय पक्क्या लायसनसाठी ६ तास लायसनवाल्या इन्स्ट्रक्टरबरोबर गाडीत आणि आपल्यासोबत ५० तास, त्यातले १० रात्रीचे. शेजारी बसणारा २५ च्या वरचा हवा. लेखी परीक्षेला ४६ प्रश्न, ३८ बरोबर यावे लागतात. मोठ्यांना ३६ च प्रश्न असतात, त्यावरून घरात "तुम्हाला सोप्पं" हे भांडण झालंच.

आमची चूक सांगते. मुलगा लेखी पास झाला, हातात पर्मिट आलं, त्याच संध्याकाळी हे त्याला घेऊन हायस्कूलच्या मागच्या रस्त्यावर गेले. अर्धा तास फिरून आले, दोघं खूश. रात्री मुलानेच कोर्समधलं पान काढून दाखवलं की इन्स्ट्रक्टरबरोबरचा पहिला धडा सुरू होईपर्यंत हे पर्मिट लागूच होत नाही, तो पर्मिटवर सही करतो मग आपण बसायचं. म्हणजे बापाने पोराला बेकायदा गाडी चालवायला लावली आणि पोराने बापाला पकडून दिलं! ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालेलं. आता काही झालं की "बाबा, पर्मिट वाचलंत का" एवढंच म्हणतो.

५० तासांचं म्हणाल तर पहिले दहा माझ्या उजव्या पायाने काढले. शेजारी बसून मी एवढे ब्रेक दाबलेत की पोटरी दुखायची, आणि तिथे ब्रेक नसतो हे पायाला कळतच नाही. इन्शुरन्सचा आकडा आला तेव्हा मात्र दोन्ही पाय गार पडले. चांगल्या मार्कांची सवलत मिळते, मार्कशीट पाठवायला विसरू नका.

आणि हो, बरीच मुलं साडेसतरापर्यंत थांबतात, तेव्हा कोर्सशिवाय पर्मिट मिळतं. पण मग रोड टेस्ट १८ पूर्ण झाल्यावरच. आमच्याकडे शेजारच्यांनी तसं केलं. पैसे वाचले, पण दीड वर्ष जास्त ड्रायव्हरकी केली.

सांजवात:

मी मुलांचा नाही, माझाच अनुभव लिहिते. न्यूयॉर्क, २०२१, एच४ वर (नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणारा व्हिसा). वय ३६. भारतात लायसन होतं, गाडी येत नव्हती. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

न्यूयॉर्कात वय काहीही असो, रोड टेस्टची तारीख मिळण्याआधी पाच तासांचा क्लास लागतो. करोनामुळे तो झूमवर होता. आधी पर्मिटची परीक्षा, २० प्रश्न, १४ बरोबर हवेत आणि खुणांच्या चारातले निदान दोन. ती पोळ्या लाटता लाटता पाठ केली.

झूमवर कॅमेरा सतत चालू ठेवायचा. तेवीस चौकोन. एकात सोळा वर्षांचा मुलगा, एकात साठीच्या आजी ज्यांचे यजमान नुकते गेले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंग हातात घेणार होत्या, एकात मी, मागे नवरा दबक्या पावलाने चहा घेऊन जाताना दिसतोय. मला वाटलं नियम सांगतील. नियम होतेच, दारूचा भाग मोठा होता, पण एक अख्खा भाग भावनांवर होता. राग आला की तुम्ही कशी गाडी चालवता, घाई असली की काय करता. सरांनी एकेकाला विचारलं. त्या आजी म्हणाल्या, मला रागाचं नाही, भीतीचं काय करू ते सांगा. सगळे गप्प. मग सर म्हणाले, हळू चाला आणि मागचा हॉर्न वाजवतो त्याला वाजवू द्या. मी ते मराठीत वहीवर लिहून ठेवलं, वही अजून आहे.

पहिल्या रोड टेस्टला नापास, आरशात बघितलंच नाही म्हणाले. अहो बघितलं होतं! मैत्रिणीने सांगितलं, डोळे फिरवलेस, मान नाही फिरवलीस, त्यांना डोळे दिसत नाहीत. दुसऱ्या वेळी भरतनाट्यम केल्यासारखी मान हलवली आणि पास. ब्लाइंड स्पॉटला (आरशात न दिसणाऱ्या जागेकडे) मान फिरवायची ती सवय मात्र तेव्हापासून लागलीच.

बिनगिअर:

पुण्याहून. आपल्याकडेपण आता लर्नर घरबसल्या मिळतंय, २०२१ पासून. आधार, ओटीपी, कॅमेऱ्यासमोर बसा, रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ बघा आणि १५ प्रश्न, ९ बरोबर आले की लर्नर. पक्क्या लायसनची टेस्ट ३० दिवसांनी प्रत्यक्ष द्यायची, लर्नर सहा महिने चालतं. पुतण्याने १४ आणले, प्रामाणिकपणे. पण आमच्या इथला एक एजंट म्हणत होता, काका तुम्ही फक्त ओटीपी द्या, परीक्षा आमचा मुलगा देतो. मी विचारलं, मग गाडीपण तोच चालवणार का आयुष्यभर?

सांजवात:

@बिनगिअर, माझ्या वेळी ओटीपीपण लागला नव्हता.

उकडीचा_मोदक:

जॉर्जिया, अटलांटाच्या जवळ. इथल्या कायद्याला जोशुआज लॉ म्हणतात. जोशुआ ब्राउन नावाचा १७ वर्षांचा मुलगा २००३ मध्ये गेला. ओला रस्ता, गाडीची चाकं पाण्यावर तरंगली आणि ताबा सुटला. त्याच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि २००७ पासून १६ वर्षांच्यांना लायसनसाठी ड्रायव्हर एड आलं, २०२१ मध्ये १७ वाल्यांनाही लावलं. थिअरीचे ३० तास ऑनलाइन चालतात, त्याशिवाय ४० तास सराव, ६ रात्रीचे.

हे लिहितोय कारण मी डोंबिवलीचा. पावसात गाडी चालवायचं मला कोणी सांगू नये अशी माझी समजूत होती. मुलगा त्या धड्यावर आला, मी म्हटलं पुढे जा, हे आपल्या रक्तात आहे. तो म्हणाला, बाबा, तुम्ही पावसात किती स्पीडने चालवायचात? विचार केला तर जुलैत, कल्याण-शीळ रोडला, वीस! खड्ड्यांमुळे तरंगायची संधीच मिळाली नाही. इथे ताशी ६५ मैलांनी जाताना पाणी असलं की टायरला रस्ता लागतच नाही, तेव्हा ब्रेक नाही मारायचा, अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचं. मी आतापर्यंत नक्की ब्रेक मारला असता. मग ते पान आम्ही दोघांनी परत वाचलं आणि जाऊन टायरची झीज तपासली. मागचे दोन बदलले.

अर्धा_चहा:

+१. टायरचं माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, सेकंडहँड गाडी घेतलीये. उद्या बघतो.

झिम्मा:

सगळ्यांचं वाचून दाखवलं घरी. लेक म्हणते मलापण लिहायचंय, मराठी टायपिंग येत नाही म्हणून ती सांगतेय, मी टाइप करतेय:

"चार बाजूंना स्टॉप असलेल्या चौकात जो आधी आला तो आधी जातो. दोघं एकदम आले तर उजवीकडचा. एवढंच आहे. पण बाबा आधी येऊनसुद्धा सगळ्यांना हाताने 'या, या' करतो, जसं काही लग्नाची पंगत आहे. मग समोरचापण 'तुम्ही' म्हणतो. आम्ही एकदा तिथे बराच वेळ उभे होतो. आणि आई ओरडत नाही असं तिला वाटतं. ती 'अगंऽऽ' म्हणते, ते ओरडण्यापेक्षा वाईट आहे."

बरं. नोंद घेतली आहे.

सांजवात:

हाहाहा, "या, या"!! आमच्याकडेपण हेच, अगदी हेच.

काकूबाई:

झिम्मा, टेस्ट कधी मग?

झिम्मा:

तेच सांगायला आले. अपॉइंटमेंट मिळेना मिळेना, रोज सकाळी चहाच्या आधी वेबसाइट बघत होते, शेवटी कोणीतरी रद्द केलेली मिळाली, १८ सप्टेंबर. ती १२ ला १६ ची होतेय, लर्नरला सहा महिने कधीच झालेत, शाळेचं हजेरीचं पत्र आणलं, सरावाच्या तासांचा लॉग भरला, रात्रीचे दहाचे साडेअकरा झालेत. फाइल लावून ठेवली आणि काल रात्री सगळ्या कागदांवरच्या तारखा बघत बसले.

तिच्या वयाला तो फोन बघण्यावरचा व्हिडिओ दोन तासांचा असतो. उत्साहात आम्ही तो १० जूनलाच बघून टाकला होता. सर्टिफिकेट ९० दिवस चालतं. म्हणजे ८ सप्टेंबरला संपतंय.

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "अगंऽऽ आई."

आज रात्री जेवण झाल्यावर परत लावतोय. दोन तास. कढीपत्ता आहे घरात.