मदत हवी आहे : ऑन्कोटाइपचा आकडा माझ्या मैत्रिणीलाही तेवढाच लागू पडतो का?

नमस्कार. मी नॉर्थ कॅरोलायनात रॅलीला राहते. दोन वर्षांपूर्वी माझं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं. हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त नसलेला), काखेत पसरलेला नव्हता, गाठीच्या ऑन्कोटाइप चाचणीचा स्कोअर १८. वय ५६, पाळी केव्हाच थांबलेली, म्हणून केमो टळली.

तेव्हा माझी शेजारीण तीन आठवडे रोज संध्याकाळी गरम जेवण घेऊन दार वाजवायची. आता तोच आजार तिला झालाय. ती कृष्णवर्णीय आहे, वय ५९. तिचाही हार्मोन पॉझिटिव्ह, काखेत नाही, स्कोअर १९. डॉक्टर म्हणाले, केमो नको, हार्मोन रोखणारी गोळी पुरे. मी पटकन बोलून गेले, "बघ, अगदी माझ्यासारखंच!" तिने शांतपणे विचारलं, "हा आकडा माझ्यासारख्या बायकांवर तपासलाय का?" तिची मावशी ४१व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सरने गेली. मला उत्तर देता आलं नाही.

मग वाचायला बसले. ऑन्कोटाइप चाचणी गाठीतली २१ जनुकं मोजते आणि कॅन्सर उलटण्याचा धोका सांगते; आकडा जास्त तर धोका जास्त. २०१८ साली टेलरएक्स अभ्यासाचे निकाल आले. दहा हजारांहून जास्त बायका होत्या त्यात. स्कोअर ११ ते २५ असलेल्यांना केमो जोडून एकूणात फायदा झाला नाही, पन्नाशीच्या आतल्या काहींना मात्र थोडा झाला. पण या अभ्यासात कृष्णवर्णीय बायका जेमतेम ७ टक्के. आशियाई त्याहून कमी, म्हणजे माझ्यासारख्याही फार नव्हत्याच. आणि स्कोअर सारखा, उपचार जवळजवळ सारखे, तरी कृष्णवर्णीय बायकांमध्ये कॅन्सर उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं.

२०२१ मध्ये सुमारे ८६ हजार अमेरिकन बायकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २५ च्या वर स्कोअर कृष्णवर्णीय बायकांत साधारण १८ टक्के, गोऱ्या बायकांत १४ टक्के. काखेत न पसरलेल्या कॅन्सरमध्ये स्कोअर तोच असूनही कृष्णवर्णीय बायकांचे मृत्यू जास्त. हे वाचून माझी झोप उडाली.

पुढच्या गुरुवारी तिची भेट आहे. स्कोअर तोच पण धोका जास्त, तर तिने केमो मागावी का? नक्की काय विचारावं? कृपा करून नुसतं "डॉक्टरांवर विश्वास ठेवा" असं सांगू नका. मावशीची गाठ कितीतरी महिने कुणी मनावरच घेतली नव्हती, हे तिने डोळ्यांनी पाहिलंय.

प्रतिसाद

ताई, मी पुण्यात पॅथॉलॉजिस्ट आहे. तुमच्या मैत्रिणीचा प्रश्न अगदी रास्त आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. धोका जास्त असणं एक आणि केमोने तो कमी होणं दुसरं. तुम्ही वाचलेल्या आकड्यांतून पहिली गोष्ट दिसते, दुसरी सिद्ध होत नाही. त्या फरकात विमा, उपचाराला झालेला उशीर, गोळी मध्येच सुटणं हेही मिसळलेलं असतं, आणि गाठीचा स्वभावही.

स्वभावाबद्दल तुमच्याच राज्यात मोठं काम झालंय. कॅरोलायना ब्रेस्ट कॅन्सर स्टडीने २००६ मध्ये दाखवलं की पाळी चालू असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांपैकी ३९ टक्के जणींची गाठ बेसल या आक्रमक प्रकारची, म्हणजे बहुतेक ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनचे दोन्ही रिसेप्टर आणि हर-टू, तिन्ही नसलेली). इतर वंशांच्या सर्व वयांच्या बायकांत १६ टक्के. हार्मोन पॉझिटिव्ह म्हटलेल्या गाठींतही काही आतून बेसल निघतात. म्हणून आधी विचारा, हार्मोन रिसेप्टर (पेशीतला हार्मोन पकडणारा भाग) किती टक्के पेशींत आहे? ९० टक्के आणि १५ टक्के, दोन्ही 'पॉझिटिव्ह'च लिहिलं जातं. ग्रेड, म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात (१ ते ३), काय? टक्केवारी कमी किंवा ग्रेड ३ असेल तर जनुकांवरून गाठीचा आतला प्रकार सांगणाऱ्या ब्लूप्रिंट चाचणीबद्दल बोला. स्कोअर, आकार, ग्रेड, वय एकत्र धरून धोका काढणारं आरएसक्लिन हे साधन वापरलंय का, तेही.

मावशी ४१व्या वर्षी गेली, तर बीआरसीए, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या कॅन्सरच्या जनुकांची तपासणी मागायलाच हवी. आणि गोळीने सांधे दुखले तर ती बंद न करता औषध बदलून मागायचं, हे आत्ताच सांगून ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. आत्ताच तिच्याकडे जाऊन रिपोर्ट पाहिला. रिसेप्टर ३० टक्के, ग्रेड ३. तुमचे सगळे प्रश्न इंग्रजीत लिहून तिला दिलेत. गुरुवारी मीही सोबत जातेय. मावशीचे जुने कागद मावसभावाकडे असतील म्हणाली, त्याला फोन लावलाय.