एमपीआय + ओपनएमपी: ग्रिड ६०० केली की प्रोग्रॅम अडकतो, आणि रेसिड्यूअल दर वेळी वेगळं येतं

समांतर_रेषा:
मंडळी, द्विमिती उष्णतावहनाचा जॅकोबी सॉल्व्हर (प्रत्येक बिंदूची नवी किंमत शेजाऱ्यांच्या जुन्या किमतींवरून, फेऱ्या करत काढणारा) सी मध्ये लिहिला आहे. ओपन एमपीआय (प्रोसेसमध्ये निरोपांची देवाणघेवाण करणारी लायब्ररी), जीसीसी कंपायलर, उबुंटू. एन × एन ग्रिडच्या आडव्या पट्ट्या पाडून ४ प्रोसेसना वाटल्या आहेत, प्रत्येक प्रोसेसमध्ये लूपचं काम वाटून घेणारे ओपनएमपीचे ४ थ्रेड. दर फेरीच्या सुरुवातीला प्रत्येक प्रोसेस आपली पहिली ओळ वरच्या शेजाऱ्याला आणि शेवटची ओळ खालच्या शेजाऱ्याला एमपीआय_सेंडने पाठवते, मग दोन वेळा एमपीआय_रिसीव्ह.

अडचण पहिली: एन = ५०० ला सुरळीत चालतो, ६०० ला पहिल्याच फेरीत अडकतो. टॉप कमांडमध्ये चारही प्रोसेस १०० टक्के सीपीयू खाताना दिसतात. पण दोन मशीनवर साध्या इथरनेटने एकेक प्रोसेस चालवली तर ८००० सुद्धा चालतो, ९००० ला अडकतो.

अडचण दुसरी: रेसिड्यूअल म्हणजे जुन्या-नव्या किमतींतला सगळ्यात मोठा फरक. थ्रेडच्या लूपमध्ये 'फरक कमालपेक्षा मोठा असेल तर कमाल = फरक' एवढंच लिहिलंय. एन = ५०० ला, तोच इनपुट देऊन, २००व्या फेरीत कधी ०.०४१३, कधी ०.०३९८, कधी ०.०४०७. तपासायला आत प्रिंटएफ टाकलं की दर वेळी ०.०४१३ च येतं! शोधायला सुरुवात कुठून करू?

एकोळी:
ईगर लिमिट (समोरच्याची वाट न पाहता पाठवता येणाऱ्या निरोपाची कमाल लांबी) वाढवा, अडकणं थांबेल.

रँक_शून्य:
कृपा करून लिमिट वाढवू नका. दोष तसाच राहील आणि पुढच्या मोठ्या ग्रिडला पुन्हा डोकं वर काढेल.

तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. एक ओळ म्हणजे एन डबल, प्रत्येकी ८ बाइट. ५०० ला ४००० बाइट, ६०० ला ४८००. एकाच मशीनवर ओपन एमपीआय शेअर्ड मेमरीतून निरोप पाठवतं आणि तिथली ईगर मर्यादा मुळात ४०९६ बाइट असते, हेडर धरून. टीसीपीसाठी ती ६५५३६. ८००० ला ६४००० बाइट होतात, बसतात. ९००० ला ७२०००, बसत नाहीत. (इन्फिनीबँडवर किंवा दुसऱ्या एमपीआयवर हे आकडे वेगळे असतील, त्यांच्यावर विसंबू नका.)

मर्यादेच्या आतला निरोप लायब्ररी समोरच्याकडे ढकलते आणि सेंड लगेच परततो. मर्यादा ओलांडली की समोरच्याने रिसीव्ह लावेपर्यंत सेंड थांबून राहतो. इथे रँक ० (रँक म्हणजे प्रोसेसचा क्रमांक) हा १ ला पाठवत थांबलाय, १ हा ० ला पाठवत थांबलाय, २ हा १ ला, ३ हा २ ला. रिसीव्हपर्यंत कुणी पोचतच नाही. एमपीआयच्या नियमांप्रमाणे सेंडने थांबणं पूर्णपणे वैध आहे. म्हणजे ५०० ला चालणारा प्रोग्रॅमसुद्धा चुकीचाच होता.

खात्री करून घ्या: सगळे एमपीआय_सेंड बदलून एमपीआय_एससेंड करा आणि एन = १० ने चालवा. एससेंड समोरचा घ्यायला लागेपर्यंत परततच नाही, त्यामुळे बफरच्या भरवशावर चाललेला कोड लहान ग्रिडलाही लगेच अडकतो. ही चाचणी कायम हाताशी ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुरुस्तीसाठी एमपीआय_सेंडरिसीव्ह दोनदा. पहिल्यात पहिली ओळ वर पाठवा आणि खालच्याकडून घ्या. दुसऱ्यात शेवटची ओळ खाली पाठवा आणि वरच्याकडून घ्या. टोकाच्या रँकना नसलेल्या शेजाऱ्याच्या जागी एमपीआय_प्रोक_नल द्या, म्हणजे इफ-एल्सचं जंजाळ लागत नाही. आयसेंड-आयरिसीव्ह (वाट न पाहता लगेच परतणारे) वापरणार असाल तर वेटऑल होईपर्यंत पाठवायच्या ओळीत काही लिहू नका आणि येणारी ओळ वाचू नका. हे विसरलं की अडकणं जातं आणि चुकीची उत्तरं सुरू होतात, ती शोधणं जास्त कठीण.

१०० टक्क्यांनी फसू नका. ओपन एमपीआय वाट पाहतानाही झोपत नाही, निरोप आला का हे सतत तपासत राहतं.

धागेदोरे:
दुसऱ्या अडचणीबद्दल. ही डेटा रेस आहे (थ्रेड एकच संख्या एकमेकांना न जुमानता वाचतात-लिहितात), आणि संशयाला जागा नाही. बेरीज असती तर थ्रेड कुठल्या क्रमाने मिळवतात त्यावर शेवटचे एक-दोन अंक हलले असते, ते क्षम्य. कमाल काढताना राउंडिंग होतच नाही, आणि जॅकोबीत जुना-नवा अ‍ॅरे वेगळा असल्याने ग्रिडही तीच येते. म्हणून उत्तर शेवटच्या बिटापर्यंत तेच यायला हवं.

घडतं ते असं: थ्रेड अ कमाल वाचतो, ०.०३१. थ्रेड ब पण ०.०३१ वाचतो. ब कडे ०.०४१३ आहे, तो लिहितो. अ कडे ०.०३९८ आहे, तोही ०.०३१ पेक्षा मोठा, म्हणून तोही लिहितो, ब च्या वर. खरी कमाल पुसली गेली. यात चूक नेहमी खालच्या बाजूला होते हे लक्षात घ्या. रेसिड्यूअल आहे त्यापेक्षा लहान दिसतं आणि सॉल्व्हर लवकर थांबतो. प्रिंटएफ आत आलं की थ्रेड त्याच्या कुलुपासाठी रांग लावतात, वाचणं-लिहिणं एकाच क्षणी क्वचितच होतं, आणि दोष दडतो.

लूपच्या प्राग्मात (लूपवरच्या ओपनएमपीच्या सूचनेत) रिडक्शन(मॅक्स: कमाल) लिहा, म्हणजे प्रत्येक थ्रेड आपली कमाल वेगळी काढतो आणि शेवटी त्या एकत्र होतात. क्रिटिकल (एका वेळी एकच थ्रेड आत) लावूनही उत्तर बरोबर येईल, पण चारही थ्रेड एका दारातून जातील.

पुढे अशा रेस शोधायला थ्रेड सॅनिटायझर वापरा, पण क्लँग कंपायलरसोबत, आर्चर (त्याला ओपनएमपी समजावणारी जोड) असलेलं. जीसीसीच्या ओपनएमपी लायब्ररीचे बॅरियर (थ्रेड एकमेकांसाठी थांबतात त्या जागा) त्याला दिसत नाहीत, मग खोट्या तक्रारींचा पाऊस पडतो. १ प्रोसेस, ४ थ्रेड, एन = १०० पुरे. प्रोग्रॅम ५ ते १५ पट मंदावेल.

समांतर_रेषा:
एससेंडने एन = १० लाच अडकला! सेंडरिसीव्ह केल्यावर ६०० आणि ९००० दोन्ही चालले. रिडक्शन अजून लावलं नाही, एका वेळी एकच बदल करतोय. पण आता शेवटाकडे, दर वेळी वेगळ्या फेरीला, पुन्हा अडकतो. प्रिंटवरून रँक २ खूप आधीच थांबल्यासारखा दिसतो.

रँक_शून्य:
एका वेळी एकच बदल, अगदी बरोबर.

प्रिंटवर विश्वास ठेवू नका. एसटीडीआउट पाइपमध्ये गेला की बफर भरेपर्यंत ओळी बाहेर येत नाहीत, आणि कंट्रोल-सी दाबल्यावर उरलेल्या हरवतात. रँकच्या ओळी पडद्यावर ज्या क्रमाने येतात तो घटनांचा क्रम नव्हे. एसटीडीएररवर छापा आणि ओळीच्या सुरुवातीला रँक व फेरी लिहा.

त्यापेक्षा स्टॅक (प्रोग्रॅम आत्ता कुठल्या फंक्शनमध्ये आहे आणि तिथे कुठून पोचला, त्याची यादी) बघा. -जी लावून कंपाइल करा, अडकू द्या, चारही पीआयडींना (प्रोसेस क्रमांकांना) जीडीबी डीबगर -पी ने जोडा (उबुंटू नकार देईल, सुडो लागेल) आणि 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी' द्या. चार स्टॅक शेजारी ठेवून वेगळा कोण ते शोधा.

समांतर_रेषा:
रँक ०, १, २ सेंडरिसीव्हमध्ये. रँक ३ एमपीआय_फायनलाइझमध्ये!

रँक_शून्य:
म्हणजे ३ लूपमधून बाहेर पडला आणि २ त्याच्या ओळीची वाट पाहतोय; १ हा २ ची, ० हा १ ची. प्रत्येक रँक स्वतःच्याच रेसिड्यूअलवर थांबायचं ठरवतोय ना? धागेदोरेंनी सांगितलेल्या रेसमुळे ते रेसिड्यूअल दर वेळी वेगळं, म्हणून फेरीही वेगळी. रिडक्शन लावल्यावर अडकणं जाणार नाही, फक्त नेहमी त्याच फेरीला होईल.

एमपीआय_ऑलरिड्यूस, एमपीआय_मॅक्स ने सगळ्या रँकची कमाल काढा आणि तीच संख्या सगळ्यांनी तपासा. दर फेरीला महाग वाटलं तर ५० फेऱ्यांनी एकदा करा, पण फेरीच्या क्रमांकावरून. घड्याळावरून ठरवलंत तर काही रँक ऑलरिड्यूसमध्ये आणि काही सेंडरिसीव्हमध्ये सापडतील.

रँक शेकड्यात गेल्या की हाताने जीडीबी लावणं जमत नाही. तिथे स्टॅट नावाचं साधन एकसारखे दिसणारे स्टॅक एकत्र करून गट पाडतं. आणि मस्ट हे साधन, आखेनच्या विद्यापीठाचं, डेडलॉक (एकमेकांची वाट पाहत अडकणं) कुणाकुणात आहे ते अहवालात लिहून देतं. एमपीआयरनच्या जागी मस्टरन, फक्त स्वतःसाठी एक जादा प्रोसेस घेतं तेवढी जागा क्लस्टरवर मागून ठेवा.