पिशवीत सीपीडी असूनही गुठळ्या का?
बाळाच्या नाळेचं रक्त घेताना पिशवीत सीपीडी (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट-फॉस्फेट-डेक्स्ट्रोज द्रावण) असूनही गुठळ्या का होतात, असं वर विचारलंय. सीपीडीतलं सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून गोठण्याची क्रिया पुढे सरकत नाही. पण त्यासाठी ते रक्तात नीट मिसळायला तर हवं! रक्त उतरत असताना पिशवी हलक्या हाताने सतत डोलवत राहा, शेवटी नळीतलं रक्तही आत ढकलून मिसळा. ज्यांच्यासाठी हे रक्त घेतो, त्या मूळ पेशी (स्टेम सेल्स) गुठळीत अडकून हाताशी येऊनही वाया जातात, याचं फार वाईट वाटतं.

आणखी एक. नेहमीच्या रक्तदानात ४५० मिली रक्ताला ६३ मिली सीपीडी असतं. नाळेतून किती येईल ते आधी कळत नाही. कमी आलं तर द्रावणाचं प्रमाण वाढतं. वजनावरून रक्त मोजताना ते द्रावण वजा करायचंच.