मदत हवी आहे : फॉर्ममध्ये जुने स्थळ निवडणे आणि नवे जोडणे एकाच ठिकाणी कसे बसवावे?

कुळागर (धागाकर्ता) :
नमस्कार. गोव्यातील नाटके, भजनी सप्ताह आणि जत्रा यांची माहिती देणारे आमचे संकेतस्थळ आहे. कार्यक्रम भरण्याच्या फॉर्ममध्ये ‘स्थळ’ हा रकाना आहे. आधी नोंदलेले स्थळ तिथे निवडता यावे आणि ते नसेल तर तिथेच नवे नोंदवता यावे, एवढीच अपेक्षा आहे. प्रत्यक्षात भरणारे लोक नाव लिहितात आणि पुढे जातात. पणजीच्या कला अकादमीतील दीनानाथ मंगेशकर कला मंदिराच्या पानावर मोजकेच कार्यक्रम दिसतात, कारण उरलेले ‘कला अकादमी’, ‘दीनानाथ कलामंदिर पणजी’ अशा निराळ्याच नोंदींना जोडलेले असतात. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी हे मार्गी लावायचे आहे, तरी कृपया लवकर सांगावे.

डिचोलीकर :
कुळागरबाब, संकेतस्थळ कोणत्या प्रणालीवर आहे, ‘स्थळ’ हा रकाना नेमका कोणत्या प्रकारचा आहे आणि माहिती भरणारे लोक कोण आहेत, हे कळल्याशिवाय उपयोगी उत्तर देणे कठीण आहे.

तेरेखोल :
वर्डप्रेस या संकेतस्थळ-प्रणालीत हे काम सोपे आहे. पुन्हा वापरता येणारे ब्लॉक (मजकुराचे तयार तुकडे) डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आवृत्तीसोबत आले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ६.३ पासून ते ‘सिंक्ड पॅटर्न’ या नावाने ओळखले जातात. प्रत्येक सभागृहाचा एक पॅटर्न करून ठेवावा. एकदा दुरुस्ती केली की ती सगळीकडे उमटते.

म्हादई :
तेरेखोलबाब, पॅटर्न म्हणजे पानावर मांडलेला मजकुराचा तुकडा आहे. धागाकर्त्यांना हवी आहे ती स्थळाची स्वतंत्र नोंद, जिच्यावरून त्या सभागृहातील सर्व कार्यक्रमांची यादी काढता येईल. मजकूर पुन्हा दिसणे आणि नोंद पुन्हा जोडली जाणे या दोन वेगळ्या गरजा आहेत.

कुळागर :
संकेतस्थळ ड्रुपल १० या प्रणालीवर आहे आणि रकाना ऑटोकंप्लीटचा, म्हणजे टंकू लागताच जुळणारी नावे सुचवणारा आहे. प्रणाली बदलायची नाही, त्यामुळे वर्डप्रेसची चर्चा कृपया थांबवावी. माहिती नाट्यमंडळांचे आणि देवस्थानांचे कार्यकर्ते भरतात.

डिचोलीकर :
रकान्याच्या सेटिंगमध्ये, उल्लेखलेली नोंद अस्तित्वात नसल्यास ती आपोआप तयार करण्याचा पर्याय असतो. तो सुरू आहे का?

कुळागर :
सुरू आहे. तो बंद केला तर नवे स्थळ जोडता येत नाही.

डिचोलीकर :
मग दुबार नोंदी तिथूनच येत आहेत. सुचवलेल्या यादीतून निवड न करता कोणी नाव टंकून पुढे गेले की, नेमके त्याच नावाची नोंद नसल्यास, ड्रुपल केवळ नाव असलेली नवी नोंद करते आणि आपण काही नवे निर्माण केले आहे, हे भरणाऱ्याला कळतही नाही. लोक आळशी आहेत, असा निष्कर्ष यातून काढू नये.

दर्या :
देवनागरी टंकलेखनाकडेही लक्ष द्यावे. ‘दऱ्या’ हा शब्द दोन वेगळ्या युनिकोड क्रमांनी (संगणकातील अक्षरसंकेतांच्या क्रमांनी) लिहिता येतो आणि बहुतेक फॉन्टमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधात ते जुळतीलच याची खात्री नसते. सर्वांनी इनस्क्रिप्ट कळफलक शिकून घेतला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

म्हादई :
दर्याबाब, ‘साखळी’ आणि ‘सांखळी’ ही दोन्ही रूपे प्रचारात आहेत, तेव्हा शोधाची अडचण खरी आहे. मात्र फॉर्म वापरण्यासाठी लोकांना कळफलक शिकायला लावणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

कुळागरबाब, रवींद्र भवन या सभागृहाचेच पाहा. मडगाव, कुडचडे, साखळी, बायणा अशा ठिकाणी ते आहे. सुचवलेल्या यादीत नुसते ‘रवींद्र भवन’ अनेक वेळा दिसले, तर नीट शोधणारा माणूसही चुकीचे निवडील. म्हणून व्ह्यूजमध्ये (ड्रुपलच्या याद्या तयार करण्याच्या साधनात) ‘एंटिटी रेफरन्स’, म्हणजे दुसरी नोंद जोडण्यासाठीच्या प्रकारचा डिस्प्ले तयार करून रकान्याला तो जोडावा. त्यामुळे यादीत नावापुढे गाव दाखवता येते, आणि पर्यायी नावांचे एक फील्ड ठेवल्यास ‘सांखळी’ किंवा ‘दीनानाथ’ एवढेच लिहूनही योग्य स्थळ सापडते. जुळवणी ‘पासून सुरू होणारे’ अशी ठेवू नये, ‘समाविष्ट असलेले’ अशी ठेवावी. या पद्धतीत आपोआप नोंद तयार करण्याची सोय मिळत नाही, आणि आपल्याला हवे आहे तेही हेच.

नव्या स्थळासाठी इनलाइन एंटिटी फॉर्म या मोड्यूलचे (फॉर्मच्या आतच दुसऱ्या नोंदीचा फॉर्म दाखवणाऱ्या जोडणीचे) ‘कॉम्प्लेक्स’ विजेट, म्हणजे रकान्याची मांडणी, वापरावे. त्यात ‘नवे जोडा’ आणि ‘असलेले जोडा’ अशी दोन बटणे शेजारी येतात, पण ‘नवे’ आधी येते आणि घाईत असलेला माणूस पहिलेच बटण दाबतो. स्वतःच्या मोड्यूलमध्ये थोडा कोड लिहून हा क्रम उलटवावा, किंवा त्याहून उत्तम म्हणजे शोध रिकामा परतल्यावरच ‘हे स्थळ यादीत नाही, नवे नोंदवा’ हे बटण दाखवावे.

तेरेखोल :
एवढा खटाटोप कशासाठी? गोव्यात तालुके १२ आहेत. आधी तालुका आणि मग त्या तालुक्यातील स्थळ, अशा दोन साध्या याद्या द्याव्यात.

डिचोलीकर :
कुडचडे केपे तालुक्यात आणि वास्कोतील बायणा मुरगाव तालुक्यात मोडते. लोकांच्या तोंडी मात्र कुडचडे आणि वास्को हीच नावे असतात. फॉर्म भरणाऱ्याला प्रशासकीय विभागणी आठवायला का लावावी? मी तर ड्रुपलच्या मीडिया लायब्ररीसारखी खिडकी करीन. ८.८ आवृत्तीपासून ती स्थिर आहे आणि तिच्यात नवी फाइल चढवणे व जुनी निवडणे एकाच जागी होते.

म्हादई :
चित्र पाहून ओळखता येते, म्हणून तिथे चित्रांची जाळी उपयोगी पडते. कार्यक्रमाच्या पोस्टरसाठी ती जरूर वापरावी. स्थळ मात्र लोक नावाने ओळखतात, तेव्हा त्यासाठी वेगळी खिडकी उघडायला लावू नये.

कुळागर :
बहुतेक जण मोबाईलवरून भरतात. फॉर्मच्या आत दुसरा लांब फॉर्म उघडला, तर ते अर्ध्यावर सोडतील.

म्हादई :
ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. नव्या स्थळाच्या आतल्या फॉर्ममध्ये नाव आणि गाव एवढीच दोन फील्ड ठेवावीत. आसनसंख्या, नकाशा, संपर्क हे सारे तुमच्या संपादकांनी नंतर भरावे. त्यासाठी नोंदीचा वेगळा फॉर्म मोड, म्हणजे निवडक फील्डांचा फॉर्म, तयार करता येतो. स्थळाची नोंद बदलण्याची आणि ती कायमची पुसण्याची परवानगी कार्यकर्त्यांना देऊ नये. या विजेटमध्ये स्थळ काढताना, परवानगी असलेल्या व्यक्तीला ती नोंद संकेतस्थळावरूनच पुसण्याचाही पर्याय दिसतो. आपल्या नाटकापुरते स्थळ बदलू पाहणाऱ्या माणसाने कळत नकळत तो निवडला, तर इतरांच्या कार्यक्रमांचे स्थळही नाहीसे होईल.

कुळागर :
व्ह्यूजचा डिस्प्ले आज चाचणीच्या प्रतीवर करून पाहतो. जुन्या दुबार नोंदींचे काय करावे?

डिचोलीकर :
प्रत्येक सभागृहाची एक नोंद मुख्य ठरवून सर्व कार्यक्रम तिला जोडावेत, दुबार पानांचे पत्ते तिच्याकडे वळवावेत आणि त्यानंतरच दुबार नोंदी काढाव्यात. काढण्यापूर्वी त्यांची नावे मुख्य नोंदीच्या पर्यायी नावांत घालून ठेवावीत, कारण आपले कार्यकर्ते त्या स्थळाला कोणत्या नावांनी शोधतात, हे त्या नोंदींवरूनच कळते.