मदत हवी: पुलअप असूनही बस एक्स का होते? असाइनने एक्स, बफइफ१ ने 1

नमस्कार मंडळी, व्हेरिलॉगवर (डिजिटल सर्किट लिहून सिम्युलेशन करायची भाषा) काम करणारं कोणी असेल तर प्लीज बघा, माझं डोकं यातच अडकलंय.

एक 8 बिटची कॉमन डेटा बस आहे, दोन ब्लॉक तिच्यावर ट्रायस्टेटने (0, 1 किंवा झेड, म्हणजे लाइन सोडून देणं) बोलतात आणि प्रत्येक लाइनला पुलअप प्रिमिटिव्ह (लाइन मोकळी असताना तिला 1 कडे ओढणारा तयार घटक) लावलाय. रिसेटच्या आधी पहिल्या ब्लॉकचा एनेबल (चालू-बंद करणारा सिग्नल) एक्स, म्हणजे अज्ञात, असतो, ते बरोबरच आहे कारण तो ज्या फ्लॉपमधून (एक बिट साठवणारा घटक) येतो त्याला सुरुवातीची व्हॅल्यू नाही. पण या ब्लॉकचा डेटा कायम सगळा 1 ला बांधलेला आहे, आयडी बाइट आहे तो. दुसरा ब्लॉक बंद, म्हणजे झेड. म्हणजे पहिला चालू असो नाहीतर बंद, लाइन 1 च असायला पाहिजे ना? तरी बस एक्स दिसते.

लिहिलंय साधंच, असाइन (वायरला सतत व्हॅल्यू देणारं वाक्य) करून एनेबल असेल तर डेटा नाहीतर झेड. तेच काढून बफइफ१ गेट (कंट्रोल 1 असेल तर डेटा, 0 असेल तर झेड देणारं तयार गेट) टाकलं की रिसेटच्या आधीही स्वच्छ 1 येतो! लॉजिक तेच, पुलअप तोच, मग उत्तर वेगळं का?

स्ट्रेंग्थचं (व्हॅल्यू लाइनला किती ताकदीने ओढते ते) मला जे माहितीय ते असं: सप्लाय 7, स्ट्राँग 6, पुल 5, लार्ज 4, वीक 3, मीडियम 2, स्मॉल 1 आणि हाय-झेड 0. त्यातले लार्ज, मीडियम, स्मॉल हे ट्रायरेगच्या (कोणी चालवत नसतानाही जुनी व्हॅल्यू धरून ठेवणारी वायर) चार्जसाठी. मोठा जिंकतो, सारख्या ताकदीचे उलटे भिडले की एक्स. पण इथे तर भांडणच नाहीये, दोघंही 1 च म्हणतायत. वेव्हफॉर्म बघून काही कळत नाही कारण साध्या व्हीसीडी फाइलमध्ये (वेव्हफॉर्म साठवणारी फाइल) फक्त 0, 1, एक्स, झेड असतं, स्ट्रेंग्थ नसतेच.

आणि मित्राने हेच व्हीएचडीएलमध्ये (अशीच दुसरी भाषा) केलं तर त्याला सरळ एच (तिथला कमकुवत 1) मिळाला. नक्की खरं कोणाचं मानायचं?

प्रतिसाद १:
डिस्प्लेमध्ये (छापायची कमांड) पर्सेंट-व्ही फॉरमॅट (स्ट्रेंग्थसकट व्हॅल्यू छापणारा) टाकून प्रत्येक ड्रायव्हरची (लाइनवर व्हॅल्यू टाकणाऱ्याची) वायर वेगळी छापून बघ, लगेच दिसेल. असाइनमध्ये प्रश्नचिन्हवाला ऑपरेटर ("असेल तर हे नाहीतर ते" निवडणारा) आधी चालतो आणि त्याला स्ट्रेंग्थ माहीतच नसते, त्याच्याकडे चारच व्हॅल्यू. कंडिशन एक्स असली की तो 1 आणि झेड एकत्र करतो आणि ते जुळत नाहीत म्हणून एक्स देतो, मग त्या एक्सला असाइनची डिफॉल्ट स्ट्राँग स्ट्रेंग्थ चिकटते. असा स्ट्राँग एक्स पुलअपला सहज दाबतो. "1 किंवा बंद" ही माहिती बसपर्यंत पोचायच्या आधीच गेलेली असते.

बफइफ१ मात्र ती माहिती सांभाळतो. कंट्रोल एक्स आणि डेटा 1 असेल तर त्याचं आउटपुट म्हणजे स्ट्राँग 1 पासून हाय-झेड पर्यंतची अख्खी रेंज, छापताना एसटी-एच दिसेल (एसटी म्हणजे स्ट्राँग, आणि इथे एच म्हणजे 1 किंवा झेड). त्यात पुल 1 मिसळला की कमीत कमी पुल 1, जास्तीत जास्त स्ट्राँग 1, सगळं एकाच बाजूला, म्हणून 1. डेटा 0 करून बघ, तेव्हा रेंज स्ट्राँग 0 ते पुल 1 अशी दोन्हीकडे पसरते आणि 65 एक्स (0 ची ताकद 6, 1 ची 5) छापून येतं, ते बरोबरच आहे.

व्हीएचडीएलच्या एच वर मात्र अजिबात विसंबू नका. तिथे एनेबल यू (अजून व्हॅल्यूच न मिळालेला) किंवा एक्स असला तर "एनेबल 1 आहे का" याचं उत्तर सरळ नाही असं येतं, ड्रायव्हर झेड देतो आणि रिझोल्यूशन टेबलमध्ये (अनेक ड्रायव्हरचं मिळून एक उत्तर ठरवणारा तक्ता) झेड आणि पुलअपचा एच मिळून एच. डेटा 0 असता तरी एचच आला असता, म्हणजे खरा प्रॉब्लेम लपला असता.

मूळ धागाकर्ता:
छापून बघितलं, असाइनच्या वायरवर एसटी-एक्स आणि गेटच्या वायरवर एसटी-एच, अगदी तसंच! मनापासून आभार. बसच्या टोकाला बफइफ१ ठेवतोय, आणि एनेबलच्या फ्लॉपला असिंक्रोनस (क्लॉकची वाट न बघणारा) रिसेट पण देतो, म्हणजे उद्या डेटा बदलला तरी त्रास नको. मित्राला पण हा धागा पाठवतो.