‘पेशी कमी झाल्यात’ म्हणजे नेमक्या कोणत्या?

प्रश्न : तापाच्या रुग्णाबद्दल ‘पेशी कमी झाल्यात’ असं सर्रास म्हणतात. बोलणाऱ्याच्या मनात कधी प्लेटलेट असतात, कधी पांढऱ्या पेशी. प्लेटलेटला पेशी म्हणणं बरोबर आहे का? आणि तिला चांगला मराठी शब्द कोणता?

उत्तर १ : काटेकोरपणे पाहिलं तर बरोबर नाही. अस्थिमज्जेत एक अवाढव्य पेशी असते, तिचे सुटून आलेले तुकडे म्हणजे प्लेटलेट. आकार २ ते ४ मायक्रोमीटर, आयुष्य ८-१० दिवस. यांना ‘बिंबाणू’ आणि ‘रक्तपट्टिका’ हे दोन्ही शब्द रूढ आहेत. मला बिंबाणू पसंत, कारण ‘पट्टिका’ म्हटलं की लांबट पट्टी डोळ्यांपुढे येते आणि हे तर चपटे गोल असतात.

भाषेची ही ढिलाई महागात पडू शकते. डेंगीत दोन्ही घटतात, पण धोके वेगळे. बिंबाणू फार उतरले तर हिरड्यांतून रक्त, त्वचेवर लाल ठिपके. पांढऱ्या पेशी फार उतरल्या तर जंतुसंसर्ग. तेव्हा ‘कोणत्या पेशी?’ हे विचारायलाच हवं.

उत्तर २ : केंद्रक नाही म्हणून बिंबाणू पेशी नाही, असं कोणी म्हणेल, तर तांबड्या पेशीलाही केंद्रक नसतंच की!

उत्तर १ : मुद्दा केंद्रकाचा नाही, जन्माचा आहे. तांबडी पेशी मज्जेत पूर्ण पेशी म्हणूनच घडते आणि रक्तात उतरण्याआधी केंद्रक बाहेर टाकते; त्यामुळे हिमोग्लोबिनला जास्त जागा मिळते. पुढे साधारण १२० दिवस ती प्राणवायू वाहते. बिंबाणू मात्र कधीच अख्खी पेशी नसतो. तिन्हींना मिळून एक शब्द हवा असेल तर जुना ‘रक्तकण’ निर्धोक आहे.

उत्तर ३ : ‘पांढरी’ हेही नाव फसवंच. सूक्ष्मदर्शकाखाली, रंग न देता, ती जवळजवळ पारदर्शक दिसते. रक्ताची नळी यंत्रात गरगर फिरवली की तांबड्या थरावर सायीसारखा पातळ पांढुरका पापुद्रा जमतो, त्यात या पेशी आणि बिंबाणू असतात.

यांतल्या काही प्रकारांची नावं त्या रंग कोणता धरतात त्यावरून पडली. ‘इओसिनरागी’ वाचून पेशी रागीट असावी असं वाटतं. पण हा राग ‘अनुरागा’तला, म्हणजे ओढ. इओसिन या आम्लधर्मी रंगाची ओढ असलेली ती. कृमी आणि ॲलर्जीत हिचं प्रमाण वाढतं. ‘उदासीनरागी’ संख्येने सर्वांत जास्त, ५० ते ७० टक्के. जंतू गिळायला आधी याच धावतात. प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवण्याचं काम लसिकापेशी (लिम्फोसाइट) या आणखी एका प्रकारातल्या एका गटाकडे असतं.

उत्तर ४ : अहवालातली एक गल्लत सांगतो. बिंबाणूंसमोर ‘१८०’ दिसलं की लोक हादरतात. तो आकडा हजारांत असतो, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये १ लाख ८० हजार. सर्वसाधारण मर्यादा १.५ ते ४.५ लाख. जुन्या अहवालातलं ‘घन मिलिमीटर’ म्हणजेच मायक्रोलिटर.

दुसरं म्हणजे, ‘गुठळी’ आणि ‘पुंजका’ एकमेकांच्या जागी वापरू नका. नमुना नीट हलवला नाही आणि नळीतच रक्त साखळलं, तर ती गुठळी. तो नमुना फेकून नवा घ्यावा लागतो. जांभळ्या बुचाच्या नळीत ईडीटीए असतं, त्यामुळे रक्त साखळत नाही. पण काही जणांचे बिंबाणू त्यातच एकमेकांना चिकटतात. तो पुंजका. यंत्र पुंजक्याला बिंबाणू म्हणून मोजत नाही आणि संख्या खोटीच कमी येते. रुग्णाला रक्तस्रावाची काहीच लक्षणं नसताना आकडा फार खाली आला, तर काचपट्टीवर रक्त पसरून पाहायचं. पुंजके दिसले तर सायट्रेटच्या (रक्त साखळू न देणाऱ्या दुसऱ्या रसायनाच्या) नळीत नमुना घेऊन पुन्हा मोजायचं आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं, कारण त्या नळीत ९ भाग रक्तामागे १ भाग द्रावण आधीच असतं.

प्रश्नकर्ता : म्हणजे ‘बिंबाणू कमी’ म्हणतानाही ‘खरोखर कमी की पुंजक्यामुळे कमी’ हे विचारायचं. शब्द पटला, बिंबाणूच वापरतो.